मापांची वही, निशाणी २७

माझी एक वही सध्या कोर्टात आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, कडेला मशीनच्या तेलाचे डाग पडलेली. पहिल्या पानावर लाल शाईत 'निशाणी २७', म्हणजे पुराव्याचा नंबर, लिहिलंय आणि खाली शिक्का. आत बायकांच्या ब्लाउजची मापं आहेत. उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. प्रत्येक नावाशेजारी त्या कापडाचा बोटभर तुकडा टाचणीनं लावलेला, म्हणजे लग्नसराईत घोळ होत नाही. त्यापुढे द्यायची तारीख, ठरलेली शिलाई, आगाऊ किती आले, बाकी किती. ऑक्टोबर २०१९ पासून १७ जानेवारी २०२३ पर्यंत ती भरलेली आहे. पुढची पानं कोरी.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं आष्ट्याहून गाडीवरून सांगलीला येत होतो. एका लग्नघरी चौदा ब्लाउज पोचवले होते, पैसेही हातात पडले होते. जानेवारी म्हणजे कारखान्यांचा हंगाम. सांगली-पेठ रस्त्यावर एकामागून एक उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या. तुंगच्या अलीकडे आम्ही एकाला ओलांडत असताना त्याची मागची ट्रॉली झोल खाऊन उजवीकडे आली. बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या मोळीनं माझा खांदा ढकलला, एवढंच कळलं. पडताना माणूस हात टेकतो, मीही टेकला. उजवा. ह्यांना खरचटण्यावर निभावलं. माझं मनगट मोडलं.

सहा आठवडे प्लास्टर होतं. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून दाखवली, हाड छान जुळलंय म्हणाले. मला वाटलं, उन्हाळ्याची लग्नं हातची जात नाहीत.

प्लास्टर निघालं त्या रात्री पंख्याचा वारा हाताला लागला आणि मी ओरडून उठले. सांगून पटत नाही, म्हणून नीट लिहिते. हात भाजल्यासारखा जळत होता, पण तव्याला बोट लागल्यावर कसं क्षणाक्षणानं कमी होत जातं, तसं होत नव्हतं. ओढणी घासली तरी कळ दंडापर्यंत जायची. तळवा कधी जांभळा-लाल, कधी प्रेतासारखा पांढरा. उजवा हात डाव्यापेक्षा गार, आणि त्याच हाताला घाम. त्या हाताची नखंसुद्धा वेगळी वाढायला लागली. मी ओला फडका गुंडाळून बसायची. शेजारणी म्हणायच्या, प्लास्टरनंतर हात आखडतो, महिन्याभरात सुटेल. परत दाखवायला गेले तेव्हा फिल्मकडे बघून उत्तर मिळालं, "हाड जुळलंय, आता मनातनं काढून टाका." त्या वाक्यानं मला जेवढं एकटं पाडलं तेवढं दुखण्यानंही पाडलं नव्हतं. कारण घरी आल्यावर मी स्वतःच फिल्म उजेडात धरून बघायला लागले. खरंच, त्यात काहीच दिसत नव्हतं.

जूनमध्ये एका ओळखीच्या बाईंनी मिरजेला पाठवलं. मिरज म्हणजे आमच्याकडची दवाखान्यांची पेठ, कर्नाटकातूनही माणसं तिथं येतात. तिथल्या वेदनातज्ज्ञ डॉक्टरबाईंनी फिल्म बाजूला ठेवली आणि दोन्ही हात टेबलावर शेजारी-शेजारी ठेवायला सांगितले. दोन्हीचं तापमान मोजलं. कापसाचा बोळा फिरवला. रंग, सूज, घाम, नखं, केस, बोटांची हालचाल, एकेक बघत एकेक लिहिलं. मग म्हणाल्या, "ताई, याला नाव आहे." कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, सीआरपीएस. मी रडायला लागले. आजाराचं नाव ऐकून सुटल्यासारखं वाटून रडणारी बाई त्यांनी बहुधा पहिल्यांदा पाहिली नसावी, कारण त्यांनी न बोलता पाण्याचा पेला पुढे केला.

मनगट मोडल्यावर, प्लास्टर निघाल्यावर हे होऊ शकतं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. जखम भरते पण नसांची आणि मेंदूची धोक्याची घंटा बंद होत नाही, अशी डॉक्टरबाईंनी समजूत घातली. हे दुखणं ओळखायला एकच अशी रक्ताची तपासणी नाही की एकच असा फोटो नाही. २००३ साली बुडापेस्टला तज्ज्ञ जमले आणि त्यांनी लक्षणांचे चार गट ठरवले, त्यावरून निदान करतात. डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनात राहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६० नंतरच्या त्या वर्षांत, मिचेल नावाच्या डॉक्टरांनी गोळी लागलेले सैनिक पाहिले. जखमा भरल्या होत्या आणि हात तरीही जळत होते. ती माणसं हाताला सतत ओला फडका गुंडाळून असायची. दीडशे वर्षांपूर्वीचे ते सैनिक आणि सांगलीच्या गावभागातली मी, दोघांनाही कुणी न सांगता तेच सुचलं होतं.

दाव्याचं मला तोवर सुचलंच नव्हतं. बरी झाले की मशीनवर बसायचं, एवढंच डोक्यात. ह्यांचे मित्र म्हणाले, वकिलांना भेटा, मुदत असते. वकीलसाहेबांनी तारीख विचारली आणि कॅलेंडर उलटलं. १ एप्रिल २०२२ पासून नवी तरतूद लागू झाली आहे, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघाताचा दावा दाखल करायचा. आमच्या हातात चाळीस दिवसही नव्हते. हाड मोडणं त्याच दिवशी कळतं. पण असलं दुखणं आधी दोन-तीन महिने बरं होण्याची वाट बघायला लावतं, मग नाव शोधायला दोन महिने, आणि मुदत मात्र पहिल्या दिवसापासून पळत असते. हे मला फार अन्यायाचं वाटतं आणि मी ते ज्याला-त्याला सांगते. आम्ही १० जुलैला दावा दाखल केला.

मग अपंगत्वाचा दाखला. तपासणीला मी भल्या पहाटेपासून रांगेत. आत गेल्यावर डॉक्टरांनी मनगटाला कोनमापक लावला. हात खाली वाकवा, वर करा, आत वळवा. मी दात आवळून एकेकदा केलं. त्यांनी अंश लिहून घेतले. मी म्हणाले, "साहेब, एकदा जमतंय. एका ब्लाउजला हे दोन-तीनशे वेळा करावं लागतं." ते वाईट वागले नाहीत. पण त्यांच्या कागदावर 'एकदा' आणि 'तीनशेदा' असे दोन रकाने नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेत. कायमची वेदना हा त्यातला प्रकार नाही. सांधा किती वळतो, स्नायूत जोर किती, हे मोजता येतं म्हणून मोजलं. दाखला मिळाला, १२ टक्के.

बारा टक्के. शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग मी धडधाकट. संध्याकाळी आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या पोळीचे तुकडे करून ताटात वाढले.

उपचारांत एक होता तो मी कधी विसरणार नाही. हाताला स्पर्शाची परत सवय लावायची. फिजिओथेरपी करणारी मुलगी म्हणाली, वेगवेगळी कापडं घ्या आणि रोज हातावरून फिरवा, सोसतंय तेवढंच. तिनं पिशवीतून रुमाल, टॉवेल, कापूस काढला. मी दुसऱ्या दिवशी माझी चिंध्यांची पिशवी घेऊन गेले. रुबियाचं टू बाय टू, इरकलीचा काठ, खण, साटीन, अस्तराचं सुती, मलमल. डोळे मिटून नुसत्या बोटानं कापड ओळखणारी मी, आणि आता त्याच बोटांना एकेक कापड विस्तवासारखं. चमत्कार असा की टॉवेल दाबून धरला तर सोसायचा आणि मलमल अलगद फिरली की जीव जायचा. ती म्हणाली, असंच असतं, हलका स्पर्शच जास्त छळतो. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले, बाळाला मलमलच घ्या, अंगाला लागत नाही.

आरसाही होता. उजवा हात आरशाच्या मागे लपवायचा, डावा पुढे, आणि आरशात बघत डावा हलवायचा. मेंदूला वाटतं उजवाच दुखल्याशिवाय हलतोय. मशीनशेजारचा गिऱ्हाइकांचा आरसाच मी त्यासाठी घेतला. गोळ्या चालू होत्याच, मानेजवळ नसांना दोनदा इंजेक्शन दिलं. हळूहळू, फार हळू, फरक पडायला लागला.

आणि इथं जी गोष्ट झाली ती मी अजून कुणाला नीट सांगितलेली नाही.

फरक पडायला लागल्यावर मला भीती वाटायला लागली. फिजिओवाली म्हणायची, हात वापरा, वापरलात तरच सुटेल. आणि मी गणपती पेठेत भाजी घेताना मुद्दाम पिशवी डाव्या हातात घ्यायची. कुणी बघेल, फोटो काढेल, ट्रॅक्टरच्या विमा कंपनीपर्यंत जाईल. वकिलांनी असं काही सांगितलं नव्हतं. उलट ते म्हणाले होते, डॉक्टर सांगतील तेच करा आणि कोर्टात खरं बोला. भीती माझीच होती. एके दिवशी सकाळी उठले तर हात शांत होता. मी चहा गाळला, उजव्या हातानं, आणि तो आनंद दोन मिनिटं टिकला. लगेच मनात आलं, आता कोर्टात काय सांगणार? मग दुपारी दुखायला लागलं तेव्हा हायसं वाटलं. मला दुखतंय म्हणून मला हायसं वाटलं. त्या दिवशी मी स्वतःला घाबरले. दावा करणाऱ्याला आपलं दुखणं सांभाळून ठेवावं लागतं, एखाद्या कागदासारखं, तारखेपर्यंत. ज्याला हे भोगावं लागलंय त्याला 'पैशासाठी नाटक' हे शब्द ऐकवणाऱ्याची मला कीव येते.

मिरजेच्या डॉक्टरबाईंना मी ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगला दिवस आला तर तोही लिहा." मी रोजची वही घातली. आज चहा गाळला. आज कात्री धरली, अंगठ्यात मावली, कापड कापलं नाही. आज वेणी घातली नाही. आज पाच टाके तुरपाई, मग रात्रभर जागी. ती वहीही पुढे कोर्टात दाखल झाली, चांगल्या दिवसांसकट.

विमा कंपनीचं म्हणणं दहा पानी होतं. अपघातात आमचीच चूक, ट्रॉलीचा विमा वेगळा नाही, हाड पूर्ण जुळलंय, अर्जदार घरकाम करणारी बाई असून उत्पन्नाचा पुरावा नाही. हे शेवटचं मला सगळ्यात लागलं. पंचवीस वर्षं मी शिवतेय. मुलाची इंजिनिअरिंगची फी त्या पायडलवर भरली. पण पगाराची चिठ्ठी नाही, आयकराचं विवरण नाही, दुकानाची पाटीसुद्धा नाही. होत्या त्या मापांच्या वह्या. त्यातल्याही जुन्या सगळ्या ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेल्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागात आमच्या घरात माणूसभर उभं राहिलं. मशीन नंतर उघडून, तेल घालून चालू झालं. वह्यांचा लगदा झाला होता, तो मी खोऱ्यानं भरून टाकला. पूर ओसरल्यावर घेतलेली ही पहिली वही.

उलटतपास दीड तास चालला. त्यांच्या वकिलांनी माझा एक फोटो पुढे केला, भाचीच्या लग्नातला, २०२४ चा. मी नटलेली, हसतेय.

"हा फोटो आपला आहे?"

"हो."

"आपण लग्नात सहभागी झालात. आपल्याला काही त्रास होत असल्याचं यात दिसतं का?"

मला काय बोलावं सुचेना. हसले होते, खरं होतं. भाचीच्या लग्नात हसू नको तर काय करू? मी फोटोकडे बघत राहिले आणि मग दिसलं. म्हणाले, "साहेब, उजव्या हातात बांगड्या नाहीत."

लग्नाच्या आदल्या दिवशी घरी कासार आला होता. सगळ्या बायकांनी हात भरून चुडे भरले. माझा डावा हात भरून झाल्यावर त्यानं उजवा धरायला हात पुढे केला आणि मी मागे सरकले. तो थांबला. आत्या म्हणाल्या, सवाष्ण बाई, एक हात मोकळा ठेवून लग्नात मिरवणार का, निदान एक तरी भर. काचेची एक बांगडी. कासारानं साबण लावून बोटं गोळा करायला घेतली तेव्हा मी एवढ्यानं ओरडले की मुलं धावत आली. आत्यांनी नंतर एक शब्द काढला नाही. लग्नात कुणी विचारलं की त्याच पुढे होऊन सांगायच्या, "तिचा हात दुखावलाय." फोटोत त्या माझ्या उजव्या बाजूला उभ्या आहेत, पदर थोडा पुढे करून, माझं मोकळं मनगट झाकायला. ते पुरतं झाकलं गेलेलं नाही.

न्यायाधीशांनी फोटो मागवून घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग निशाणी २७ मागवली. पानं उलटली. कापडाच्या तुकड्यांवरून बोट फिरवत विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. शेवटच्या भरलेल्या पानापर्यंत गेले, मग कोरी पानं एकेक करून उलटली, शेवटपर्यंत. सगळी कशाला बघितली कोण जाणे, पण मला बरं वाटलं.

आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचून दाखवला, राजकुमार विरुद्ध अजयकुमार, ऑक्टोबर २०१०. त्यातलं एक उदाहरण मला तोंडपाठ झालंय. डावा हात तुटला, तर तोच माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ सगळी जाते. सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकू शकते. म्हणजे शरीराचं अपंगत्व किती टक्के हा एक प्रश्न, आणि त्यामुळे या माणसाची कमाई किती बुडाली हा वेगळा. दाखल्यावरचा आकडा तसाच उचलून कमाईला लावायचा नाही. माझ्यासारख्या हातावर पोट असलेल्यांनी हे घरात लिहून ठेवावं.

निकाल गेल्या दिवाळीनंतर लागला. वकीलसाहेबांनी हिशोब कागदावर मांडून दाखवला. मी वहीत महिन्याला अठरा हजार दाखवले होते. दोरा, अस्तर, लाइट बिल वजा करून कोर्टानं बारा हजार धरले. वय चाळीस ते पन्नासच्या मधलं आणि स्वतःचा धंदा म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के, झाले पंधरा हजार. वर्षाचे १,८०,०००. अपघाताच्या वेळी वय ४३, म्हणून वयावरून ठरणारा गुणक १४, झाले २५,२०,०००. यातला कमाईचा तोटा किती टक्के? दाखल्याप्रमाणे १२ धरले असते तर ३,०२,४०० रुपये. कोर्टानं ३५ धरले. ८,८२,००० रुपये. शिवाय औषधपाणी, पुढचे उपचार आणि दाव्याच्या तारखेपासून व्याज.

आणि त्या यादीत खाली एक ओळ होती. वेदना व यातना : ५०,००० रुपये.

मी ती ओळ पुन्हापुन्हा वाचली. मला वाटत होतं की ही सगळी केस दुखण्याची आहे. तीन वर्षं मी दुखणंच सांगत होते, मोजून घेत होते, लिहून ठेवत होते. आणि पैसे मिळाले ते न शिवलेल्या ब्लाउजचे. तक्रार करत नाही. कोर्टाला काम दिसलं, काम मोजता आलं, आणि त्यामुळेच न्याय मिळाला. नाहीतर बारा टक्क्यांवर सुटका झाली असती. पण रात्री कूस बदलताना हात चादरीला घासतो आणि जाग येते, त्याची किंमत त्या एका ओळीत आहे, आणि ती कशी ठरवली ते निकालपत्रात कुठे लिहिलेलं नाही. दुसरं कुणी असतं तरी ते कसं ठरवणार होतं, तेही मला सांगता येणार नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या जागतिक संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या नव्यानं केली, त्यासोबत लिहिलंय की माणूस मला दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा. मिरजेच्या डॉक्टरबाईंनी ते मला मराठीत करून सांगितलं होतं. मान राखला गेला की नाही, असा विचार केला तर मला ती कोरी पानं उलटणारी बोटं आठवतात.

विमा कंपनीला अपिलाला नव्वद दिवस आहेत. करणार असं वकीलसाहेब म्हणतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे निदान मुंबईचे हेलपाटे नाहीत. हात आता सकाळचा बरा असतो. कात्री धरते, कापडही कापते, सुती असेल तर. पाच-सात टाक्यांपुढे तुरपाई होत नाही.

वही परत मिळावी म्हणून मी अर्ज करणार होते. अपिलाची मुदत संपेपर्यंत मिळायची नाही, असं कळलं. गेल्या आठवड्यात विश्रामबागच्या एका वहिनींचा फोन आला. पंधरा वर्षं त्यांचे ब्लाउज मीच शिवले. जरा चाचरतच म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, मुलीचं लग्न आहे, दुसरीकडे टाकलेत. पण तिच्या मापात मुंढा चुकतोय. तुमच्या वहीत माझी मापं असतील ना?"

वही इथं नाही, म्हणाले. थांबा जरा. आणि डोळे मिटले.

"लिहून घ्या. उंची साडेचौदा. छाती अडतीस. शोल्डर चौदा. मुंढा सव्वासोळा, तिथंच ती चुकत असणार, तुमचा उजवा खांदा थोडा उतरता आहे. तिला सांगा, उजव्या बाजूनं पाव इंच आत घे."